लाल पेनातलं ‘छान’

शाळेच्या स्नेहसंमेलनात मुख्याध्यापिका मॅडमनी मला स्टेजवर बोलावलं आणि माझी वही माइकवर वाचायला घेतली. “आज मी ‘मले’ म्हणाले नाही. आज मी ‘काहून’ म्हणाले नाही.” पालक हसले. मॅडमही हसल्या. “बघा, रोज थोडं थोडं सुधारलं की आयासुद्धा कुठे पोचते.”

आयासुद्धा. मी हात जोडून उभी.

शाळा हुडकेश्वरची. वर्षाच्या सुरुवातीला मॅडमनी आम्हा दोघी आयांना एकेक वही दिली होती. रोज एक सुधारणा लिहायची, शुक्रवारी त्या तपासणार. फुकट मिळालेल्या गोष्टीचा मला संशय येतो. या वहीचा आला नाही. खरं सांगते, मी हरखले होते. औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचता आलं, तेही लिहिलं. त्याखाली नुसती सही मिळाली.

मॅडमनी माइक पुढे केला. “एक पान तूच वाच.”

वही चाळली. एका पानावर लाल पेनाने ‘छान’ लिहिलेलं. वर्षभरात तेवढं एकच. ते कशासाठी मिळालं ते पाहिलं आणि कानशिलं तापली. तरी मोठ्याने वाचलं.

“आज स्टाफरूमच्या माठाला हात लावला नाही. शोभाताईला पाणी मागितलं.”

शोभाताई म्हणजे दुसरी आया. माठ तीच भरायची. ‘तू नको, ती देईल,’ असं मॅडमनी मला गोड बोलून सांगितलं होतं. मी कारण विचारलं नाही. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. आणि त्यांच्या नातीने माठापासून दूर राहणं स्वतःची सुधारणा म्हणून लिहून ठेवलं. लाज वाटली ती याची. पालकांच्या हसण्याची नाही.

“याखाली मॅडमनी ‘छान’ लिहिलं आहे,” मी म्हटलं. आता कुणी हसेना. मॅडमनी वहीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही.

पडद्यामागे शोभाताईनं विचारलं, “काहून वाचलं वं ते?”

“मीच लिहिलं होतं वं. मलेच वाचा लागत होतं.”

सोमवारी मी स्टाफरूममध्ये गेले. माठाचं झाकण काढलं, पाणी घेतलं, मॅडमसमोर प्यायले. नोकरी किती दिवस राहील, माहीत नाही.

वही सुरू आहे. रोज एक ओळ. पण कुणी सुधारणा सुचवली की आधी बघते, ती कुणाच्या सोयीची आहे. तपासायला कुणालाच देत नाही. आजची ओळ लिहिली: मले तहान लागली. मी माझ्या हातानं पाणी घेतलं. उद्याही घेईन.