काट्याकडचा सिग्नल

"अदलाबदल करून पाहा, मंग दोष द्या," असं म्हणत आमचे वायफायवाले भाऊ गालातला तंबाखू-सुपारीचा खर्रा सरकवायचे आणि मगच शिडीला हात लावायचे. दिग्रसच्या निम्म्या कापूस-जिनिंगांचं वायफाय त्यांच्याच भरवशावर. घरचा पंखा बंद पडला तरी आधी शेजारच्या खोलीतला रेग्युलेटर लावून पाहणार. "वहिनींचा चहा बिघडला तर हो?" मी एकदा छेडलं.

"तिथं नाही बाप्पा. तिथं दोष माह्याच राह्यते."

त्या वर्षी बोंडअळीनं कापसाची वाट लावली होती. मी जिनिंगच्या वजनकाट्यावर कारकून. एका दुपारी काट्यावरचं वजन ऑफिसात पोचेना. गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, माणसं वैतागलेली. मी भाऊंना बोलावलं. त्यांनी लॅपटॉप उघडला. "एका अँटेनाचा जोर फुल हाय, काट्याकडचा मरतुकडा." वर चढून त्यांनी दोन्ही अँटेनांची अदलाबदल केली. कमजोरी काट्याकडेच राहिली. "अँटेना बिचारा निर्दोष हाय. दोष वायरीच्या जोडात हाय." जोड उघडला, तर आत रुई आणि ओल. साफ केल्यावर दोन्हींचा जोर सारखा झाला.

खाली उतरले आणि डाव्या हातातला पाना पडला. उचलला, पुन्हा पडला. त्यांनी तो उजव्या हातात घेतला, घट्ट बसला. मग डाव्यात पेचकस धरून पाहिला. तोही सुटला.

"पाना चांगला हाय," ते गंभीरपणे म्हणाले. "दोष हातातच हाय."

मी हसलो. "मग हाताचा जोड साफ करा!" तेही हसले. तोंड वाकडं झालेलं मला दिसलं, पण मला वाटलं, खर्रा असेल.

"घरी जा, भाऊ," मी म्हटलं. तेही वरवरच.

"एवढ्या गाड्या होऊ द्या. लोकं सकाळपासून उभे हायेत. सिग्नल पुन्हा गेला तं?"

ते बाकावर बसून राहिले. मी वजनं लिहीत राहिलो. दोन तासांनी शेवटची गाडी काट्यावरून उतरली, तेव्हा मी वळून हाक मारली. ते बाकावर आडवे झाले होते.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" मी खरं सांगितलं. "तेव्हाच आणायला हवं होतं," एवढंच ते म्हणाले. पहाटे भाऊ गेले.

वहिनी बाहेर भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "त्यायनं तुमाले काईच सांगतलं नव्हतं का, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो.