सासऱ्यांच्या निगेटिव्ह आणि दातांचा दिवा

आधी ते चहाचे कप खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता आणि त्याचा शर्ट माझ्या बायकोला धुवावा लागला. ठेवले? आता ऐका. मी माझ्या धडधाकट सासऱ्यांना जवळजवळ वर पोचवलं होतं. विष घालून नाही हो! एका एवढ्याशा दिव्यापायी.

दोन हजार पाच-सहाच्या आसपासची गोष्ट. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहायचो आणि माझी सासुरवाडी येवल्याची. सासऱ्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. जन्म गेला पैठणीच्या मागावर, त्यामुळे खटखटाटाच्या वर बोलायची सवय. आप्पा घरात "पाणी आणा" म्हणाले की शेजारच्या तीन घरांतून तांबे निघतात!

त्यांची एकसष्टी जवळ आली होती. पण आप्पांनी आधीच फर्मान काढलं होतं, "एकसष्टी-बिकसष्टी काही नको. फालतू खर्च." मग मी आणि बायकोने, सुनंदाने, ठरवलं की नाशिकला हॉल घ्यायचा, सगळी तयारी गुपचूप करायची आणि आयत्या वेळी आप्पांना गाडीत घालून आणायचं. तिच्या माहेरी कुणाच्याच पोटात काही राहत नाही, म्हणून माहेरी कुणालाच सांगायचं नाही. अगदी सासूबाईंना नाही, माझ्या मेहुण्याला नाही.

आणि माझ्या डोक्यात एक खास कल्पना आली. (माझ्या डोक्यात कल्पना आली की सुनंदा देवापुढे दिवा लावते.) आप्पांच्या लग्नाचा अल्बम ओल लागून कधीच खलास झाला होता, पण फोटोंच्या निगेटिव्ह, थोडी बुरशी लागलेल्या का होईना, बिस्किटाच्या डब्यात शिल्लक होत्या. सुनंदाने माळ्यावरून तो डबा गुपचूप पळवून आणला. मी नवा डिजिटल कॅमेरा घेतलेलाच होता. निगेटिव्हच्या मागून उजेड टाकायचा, वरून फोटो काढायचा, कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं करायचं आणि समारंभात टीव्हीवर दाखवायचं! सोपं आहे ना?

सोपं काय, कर्म माझं! उजेडच मिळेना.

खिडकीच्या काचेला निगेटिव्ह चिकटवली तर आप्पांच्या मुंडावळ्यांमधून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसायला लागली. काचेच्या टीपॉयखाली टेबललॅम्प ठेवला तर बरोबर सासूबाईंच्या चेहऱ्यावर बल्ब उगवला. शिवाय तो इतका तापला की सप्तपदीचा फोटो पापडासारखा वाकायला लागला. मी फुंकर मारून मारून विझवला... म्हणजे, वाचवला.

मग फोटो स्टुडिओत गेलो. तिथे एक प्रकाशाचं टेबल होतं, कॅरम बोर्डाएवढं. स्टुडिओवाला म्हणाला, "हे विकायचं नाही. पण तुम्ही असं करा, सर्जिकलच्या दुकानात जा. एक्स-रे बघायचा बॉक्स मिळतो. पांढरा, सारखा उजेड, आणि तापत नाही."

झालं! मी तडक शालिमारजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानात. आत व्हीलचेअर, कुबड्या, कमरेचे पट्टे. आणि गुडघ्याचे पट्टे बघत उभ्या कोण? आमच्या समोरच्या बागूल वहिनी! त्यांचं माहेरही येवल्याचंच, आप्पांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. त्यांना जर गुपित कळलं तर ते संध्याकाळच्या आत येवल्याला पोचणार. म्हणून मी आवाज एकदम बारीक केला. आता सांगा, दुकानात कुणी कुजबुजायला लागलं की बाकीचे काय करतात? कान टवकारतात!

"शेठ," मी म्हणालो, "निगेटिव्ह बघायला उजेडाचा बॉक्स पाहिजे. सासऱ्यांसाठी."

"वय काय त्यांचं?"

मला वाटलं, माणूस आपुलकीचा आहे. "एकसष्टी होईल आता."

"कुठला भाग?"

"येवल्याचा."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले. मग समजुतीने म्हणाले, "छातीचा असेल तर हा मोठा घ्या, भिंतीवर लावायचा."

"एवढा नको. माझे छोटे छोटे तुकडे आहेत."

"मग हा बघा, दातांच्या डॉक्टरांचा." त्यांनी पाटीएवढा एक बॉक्स काढला. बटण दाबलं. अहाहा! दुधासारखा पांढराशुभ्र, सगळीकडे सारखा उजेड! वजनाला हलका, टेबलाच्या खणात मावेल एवढा. मी प्रेमातच पडलो.

"चालेल," मी म्हणालो. "वरून कॅमेरा लावला की आतलं सगळं दिसेल."

"म्हणजे तुम्ही स्वतः करणार? डॉक्टर आहात?"

"छे हो! घरच्या घरी. रविवारी सुट्टी असते ना."

गुडघ्याचा पट्टा कुणाच्या तरी हातातून पडला. पण मी रंगात आलो होतो.

"फार जुनं आहे हो, शेठ. लग्नापासूनचं. बुरशी लागलीय. काही तर गेलंच, जे वाचेल ते वाचवायचं. एकसष्टीपर्यंत ओढायचं, बस! त्यांना मात्र पत्ता लागता कामा नये. सासूबाईंनाही सांगितलेलं नाही."

शेठनी डोळे पुसले. चक्क डोळे पुसले आणि बॉक्स स्वस्तात दिला. मी मागे वळलो तर बागूल वहिनी तोंडावर पदर घेऊन, पट्टा न घेताच, लगबगीने बाहेर पडत होत्या. मला वाटलं, गुडघा बरा झाला वाटतं!

पुढचे चार-पाच दिवस मी स्वर्गात होतो. खोली बंद करायची, दातांचा दिवा लावायचा, त्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि कॅमेऱ्यातून क्लिक! कॉम्प्युटरवर काळी भुतं गोरी व्हायची, पांढऱ्या केसांची काळी मिशी व्हायची. खोलीच्या दारात उभी राहून सुनंदा विचारायची, "झाले का आप्पा?" आणि मी आतून ओरडायचो, "अर्धे झाले! उद्या संपवतो!"

नेमक्या अशा एका वेळी बागूल वहिनी विरजण मागायला दारात उभ्या होत्या. विरजण न घेताच परत गेल्या.

मग येवल्याहून मेहुण्याचा, भाऊसाहेबाचा, फोन आला. आवाज भरलेला.

"दाजी, लपवू नका. मला समदं कळलंय आप्पांचं."

घ्या! फुटलं गुपित! "कुणी सांगितलं?"

"बागूल वहिनींच्या बहिणीनं. दाजी, ताईला माहिती हाय का?"

"अरे, तिनेच तर सुरुवात केली."

पलीकडून नुसतं "अरे देवा!" ऐकू आलं.

"हे बघ भाऊसाहेब," मी म्हणालो, "आता कळलंच आहे तर एवढंच कर. आप्पांना शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर एकदमच होऊ दे."

तिकडून हुंदका आला आणि फोन बंद झाला. मी सुनंदाला म्हणालो, "एकसष्टीचं कळल्यावर भाऊसाहेब फारच भावुक झालाय गं. वडिलांवर किती प्रेम आहे पोराचं!"

आता येवल्यात काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. आप्पा सकाळी उठले की कुणीतरी पाया पडायला हजर. एक जण पुरणपोळी घेऊन येतोय, एक जण मटणाचा रस्सा. ज्या चुलतभावाशी, रंगनाथकाकांशी, आप्पांचं गटाराच्या पाण्यावरून कित्येक वर्षं बोलणं नव्हतं, ते घरी येऊन गळ्यात पडले आणि म्हणाले, "आप्पा, गटार तुझंच!" आप्पांनीही गहिवरून त्यांना माफ केलं. पण आप्पा काही खुळे नव्हेत. रंगनाथ गटार सोडतोय म्हणजे काहीतरी भयंकर असणार! त्यांनी भाऊसाहेबाला कोपऱ्यात घेतलं. तो रडला आणि म्हणाला, "दाजींना विचारा."

रविवारी सकाळी आमच्या दारात जीप थांबली. आप्पा, सासूबाई, भाऊसाहेब. सुनंदा भाजीला गेलेली. घरात मी एकटा!

आप्पा सोफ्यावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "जावईबापू, मला कळलंय."

माझा चेहराच पडला. एवढी मेहनत! "कळलंच का आप्पा? जाऊ द्या. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही वाटून घेत. फक्त खरं सांगा. किती दिवस राहिले?"

"हा काय, येत्या गुरुवारी!"

आप्पांनी सोफ्याचा हात घट्ट धरला. "वारसुद्धा ठरला?"

"हो तर! गुरुजींनी साडेदहाचा मुहूर्त काढून दिलाय."

"मुहूर्त?" सासूबाईंनी भिंत धरली.

"हॉल घेतलाय. इथेच, नाशिकला."

"आणि येवल्याला का नाही?" आप्पांना ते जरा लागलेलं दिसलं.

"अहो आप्पा, अडीचशे पान आहे! एवढी माणसं येवल्याच्या घरात मावतील का?"

"अडीचशे?" आप्पा क्षणभर सुखावले. मग एकदम भानावर आले. "जेवण काय?"

"मसालेभात आणि जिलबी!"

"जिलबी?" आप्पांचा मूळचा आवाज परत आला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "माझ्या ह्याला... जिलबी?"

"तुम्हाला आवडते म्हणून! आणि स्टेजवर मधोमध तुमचा मोठ्ठा फोटो. हार घालून."

सासूबाईंनी जो टाहो फोडला म्हणता! मी आपला त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणतोय, "आई, रडताय काय? आनंदाचा दिवस आहे! तुम्हाला नवीन साडी घेतलीय!" आता यावर कुणाचं डोकं फिरणार नाही? भाऊसाहेबाने बाह्या सरसावल्या, माझी कॉलर धरली आणि म्हणाला, "दाजी, बाप हाय तो माझा! लय ऐकून घेतलं!"

तेवढ्यात सुनंदा आली. एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात पिशवी. आई रडतेय, भावाच्या मुठीत नवऱ्याची कॉलर, वडील घामाघूम. तिने मेथी खाली ठेवली आणि आधी मलाच विचारलं, "तुम्ही काय केलंत?"

बाकी कुणाला न विचारता, काही न ऐकता! हा विश्वास असतो बघा संसारात.

मग उलगडा झाला. सुनंदाने दातांचा दिवा आणला, लावला, त्यावर निगेटिव्ह ठेवली. आप्पांनी वाकून बघितलं. "हे काळं भूत कोण?"

"तुम्हीच. लग्नातले."

"आणि हॉल?"

"एकसष्टीचा, आप्पा."

आप्पांनी निगेटिव्ह उचलून डोळ्यांपाशी धरली. मग म्हणाले, "म्हणजे मी मरत नाही?"

"नाही हो आप्पा!"

"मग त्या रंगनाथाला मी माफ का केलं?"

आणि जे हसले म्हणता! सासूबाई रडता रडता हसायला लागल्या. भाऊसाहेबाने माझी कॉलर सोडली आणि नीटही करून दिली. बागूल वहिनी दारातून डोकावल्या, आप्पांना हसताना बघून म्हणाल्या, "किती धीराचा माणूस!" आणि पुन्हा पदर तोंडाला लावला. त्यांना समजावण्यातच आमचं दुपारचं जेवण राहिलं.

आता तुम्हाला वाटेल, संपलं. मलाही तसंच वाटलं होतं!

गुरुवारी हॉल खच्चून भरला. येवल्याहून तर गाड्या भरभरून माणसं आली. निम्मी एकसष्टीला आणि निम्मी आप्पा खरंच जिवंत आहेत का ते बघायला. ओवाळून झालं आणि मी छाती पुढे काढून टीव्हीसमोर उभा राहिलो. सीडी लावली. रिमोट हातात. पहिला फोटो आला आणि हॉलभर "आऽऽ" झालं! काय तो उजेड, काय ती स्पष्टता! मिशीचा केस न् केस मोजून घ्या! मी मनातल्या मनात दातांच्या डॉक्टरांचे आभार मानले.

मग पाहुण्यांत चुळबुळ सुरू झाली. माना वाकड्या व्हायला लागल्या. मांडवावरची "सुस्वागतम्" ही पाटी कुणाला वाचता येईना. एक मावशी म्हणाली, "अगं बाई, सगळ्याजणींनी पदर भलत्याच खांद्यावर कसा घेतलाय?" दुसरी म्हणाली, "तेव्हा फॅशन असेल."

पुढचा फोटो पंगतीचा. नवरदेव आप्पा ऐटीत पाटावर बसलेत, हातात जिलबी, तोंड उघडं. आणि हात कुठला? डावा! आप्पा डाव्या हाताने जेवतायत! त्यांच्याबरोबर अख्खी पंगत डाव्या हाताने जेवतेय!

निगेटिव्हला उलट आणि सुलट बाजू असते हो! एक बाजू चकचकीत, एक मंद. मी आपली जी बाजू सपाट बसेल ती दिव्यावर ठेवली होती. एवढा उत्तम दिवा निवडला आणि त्यावर अख्खं लग्न पालथं घातलं!

मग मागून रंगनाथकाकांचा आवाज आला, "जावईबापू, जिवंत माणसाला मारलंत ते मारलंत. पण वर डावखुरा करून मारलंत हो!"

हॉल जो फुटला! आप्पा स्टेजवर पोट धरून हसतायत, गुरुजी हसतायत, केटररची माणसं झारे घेऊन बाहेर येऊन हसतायत. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण हॉलची फरशी पक्की होती. निदान तो फोटो तरी घालवावा म्हणून मी घाईघाईने रिमोटचं बटण दाबलं.

ते झूमचं निघालं. आप्पांचा डावा हात आणि त्यातली जिलबी अख्ख्या पडद्यावर पसरली, आणि त्यानंतर मी कुठलंही बटण दाबलं तरी ती जिलबी फक्त मोठी होत गेली!