गॅरेजला आता वास येत नाही

आज दुपारी आमची केतकी प्रो टीमकडून पहिली आइस हॉकी मॅच खेळली. गोलकीपर आहे ती. इथे आमच्या नेपरव्हिल गावातल्या शाळेच्या कोचने तिला कायम बाकावर बसवलं, बुटकी आहे म्हणाला. कॉलेजातही तेच. या टीमनेही नुसती प्रॅक्टिसला ठेवली होती. आज त्यांची गोलकीपर पडून जखमी झाली, मग हिची आठवण झाली. जिंकवून आली पोरगी.

तुमचे फोन आले, बरं वाटलं. मीही तिला केला. शाबासकी राहिली बाजूला, तोंडातून निघालं, "पॅड ओले ठेवू नकोस, कुजतील."

हसली. "आई, इथे त्याला माणूस आहे. तोच सगळं ड्राय करतो."

"मग सुट्टीला येशील तेव्हा बॅग आण घरी."

"बॅग रिंकवरच राहते गं."

शाळेपासून तिचे घामट पॅड मीच गॅरेजमध्ये दोरीवर पंखा लावून वाळत घातले. असला घाण वास यायचा की आमचे हे बर्फातसुद्धा गाडी बाहेर लावायचे. मी रोज ओरडायची, "बॅगेत मेलेला उंदीर ठेवतेस का गं?"

फोन ठेवून गॅरेजमध्ये गेले आणि सवयीने पंखा लावला. गाडी आत होती, दोरी रिकामी. हे मागून म्हणाले, "आता काढू या का ती दोरी? डोक्याला लागते."

मी म्हटलं, "वाकून चाला."

पोरं लांब गेलेल्यांनो, खरं सांगा, तुमच्या घरात असं काय आहे जे तुम्ही कुणाला काढू देत नाही?