राजा, संसद आणि रियाध–राबिघ रस्ता

रियाधहून राबिघला गाडीने जाणार म्हटल्यावर अल मलाझ या आमच्या वस्तीतल्या प्रत्येक ओळखीच्याने एकच प्रश्न विचारला, "तिथे आहे काय?" तिथे तेलाची रिफायनरी आहे आणि समुद्र आहे. रिफायनरीशी मला काही देणंघेणं नव्हतं. नऊ वर्षं वाळवंटात काढल्यावर मला फक्त गर्दी नसलेला समुद्र हवा होता. एरवी रजा म्हटलं की तोंड वाकडं करणारा माझा नवरा मंदार या वेळी स्वतःहून चार दिवस सुट्टी टाकून आला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी आनंदाने दशम्या करायला घेतल्या.

पहिला टप्पा ताइफ, साधारण आठशे किलोमीटर. रस्ता सुरेख आणि कंटाळवाणा. कॅमेरे जागोजागी आहेत, तेव्हा वेगाची हौस घरीच फेडून घ्या आणि टाकी अर्धी झाली की भरून टाका. नाश्त्याला पंपाजवळच्या अफगाणी भट्टीवरचा तमीस खा. परातीएवढी गरम रोटी आणि वाटीभर फूल, म्हणजे वालासारख्या दाण्यांची घोटलेली उसळ. तिघांचं पोट पंधरा रियालमध्ये तुडुंब भरलं.

करमणुकीला मागच्या सीटवर आमची सानिका होती. नववीत आहे. सुट्टी संपली की तिला शाळेत इतिहासाचं प्रेझेंटेशन द्यायचं होतं: इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात झालेलं यादवी युद्ध, त्याची कारणं आणि परिणाम.

"लिसन ना, बाबा. राजाला वाटायचं की त्याची पॉवर डायरेक्ट देवाकडून आलीय. सो संसदेला विचारायचंच नाही. त्याने अकरा वर्षं संसद बोलावलीच नाही! मग पैसे संपले तेव्हा बोलावली. आणि ती भांडायला लागली, तर स्वतः सोल्जर्स घेऊन आत घुसला."

"राज्य चालवायचं असतं त्याला," मंदार म्हणाला. "प्रत्येकाला विचारत बसला तर निर्णय कधी घेणार?"

"पण लास्टला संसदवाले जिंकले ना! दे कट ऑफ द किंग्ज हेड!"

हे ती पेट्रोल पंपावर, काच पूर्ण खाली असताना, ओरडून म्हणाली. पंपवाला दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मी झडप घालून काच वर केली. आपण ज्या देशात राहतो तिथे राजाचा विषय खिडकी उघडी टाकून काढत नाहीत, हे हिला इतक्या वर्षांत कळू नये? पंपवाला बिचारा मलबारी होता. त्याने फक्त "फुल?" एवढंच विचारलं. मी मात्र पुढचे वीस किलोमीटर आरशात मागे बघत होते.

दुपार कलताना ताइफला पोचलो. फर्निश्ड अपार्टमेंट अडीचशे रियालला, स्वच्छ, खिडकीतून डोंगर दिसतात. तिघांचीही इकाम्याची, म्हणजे रहिवासी परवान्याची, कार्डं घरीच राहिली होती. "माझ्या फोनवर सगळ्यांचे इकामे आहेत, तो दाखव," म्हणत मंदारने सरकारी ॲप उघडून फोन माझ्या हातात दिला आणि तो गाडी लावायला गेला. नऊ वर्षं आम्ही असंच करत आलोय. फॅमिली व्हिसावर माझा आणि सानिकाचा कफील, म्हणजे सरकारदरबारी हमीदार, मंदारच, त्यामुळे आमचे सगळे कागद त्याच्या फोनमध्ये. मला अरबी वाचता येत नाही आणि कधी गरजही वाटली नव्हती.

काउंटरवरचे निजामभाई दापोलीकडचे निघाले. मराठी ऐकून खूश झाले. फोन चाळता चाळता म्हणाले, "वयनी, तुमी कायमचे चाललात काय गावाला?"

"नाही हो. राबिघला. चार दिवसांनी परत."

"मग खुरूज कसा लागलाय? हा बघा. तुमचा पण, पोरीचा पण. फायनल एक्झिट. साठ दिवसात निघायला लागतंय." माझा चेहरा बघून त्यांनी फोन हळूच खाली ठेवला. "माझ्याच वाचण्यात चूक असंल."

चूक नव्हती. खोलीत गेल्यावर मंदारने सगळं कबूल केलं. महिनाभरापूर्वीच त्याची बदली पूर्व किनाऱ्यावरच्या रास अल खैरच्या साइटवर ठरली होती. तिथे बॅचलर कॅम्प, कुटुंबाला जागा नाही. पुण्यात त्याच्या भावाने सानिकासाठी शाळासुद्धा बघून ठेवली होती.

"म्हणजे तुझ्या भावाला माहीत आहे आणि मला नाही?"

"राबिघला सांगणार होतो. समुद्रावर, शांतपणे."

"आणि माझी नोकरी?" दोन वर्षांपूर्वी मोठ्या मुश्किलीने मला इथल्या शाळेत गणित शिकवायचं काम मिळालं होतं.

"तुला पुण्यात सहज मिळेल," तो म्हणाला. एक बटण दाबून माझ्या नवऱ्याने मला देशाबाहेर काढलं होतं आणि वर सहलीला आणलं होतं. सानिका शेजारीच बसून सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी अल हदाचा घाट उतरलो. वळणं पोटात गोळा आणणारी आहेत, धुकं असेल तर थांबा, आणि माकडांसमोर खाऊ काढू नका. खाली मक्केच्या अलीकडे गैरमुस्लिमांसाठी वेगळा रस्ता फुटतो, ती पाटी चुकवू नका. आम्ही चुकवली, कारण रस्ता सांगायचं काम माझं होतं आणि मी बोलत नव्हते. तपासणी नाक्यावरच्या शिपायाने हसून गाडी वळवून दिली. जेद्दाला बगल देऊन राबिघला पोचेपर्यंत मी मनात माझी बाजू घोकून ठेवली.

राबिघचा किनारा खरंच सुंदर आहे. पाणी उथळ, निळं आणि आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. जवळच्या टपरीवर मासे निवडून द्यायचे, ते समोर तळून भातासकट आणून देतात. मी घास न घेताच सुरुवात केली. "तू जा कॅम्पवर. आम्ही दोघी रियाधमध्ये राहू. माझ्या पगारात लहान घर भागेल. सुट्टीला तू ये. खुरूज आत्ताच्या आत्ता रद्द कर."

"सोपं नाही ते."

"सोपं नसू दे. तू आम्हाला विचारलं नाहीस! आता मत घेऊ. तिघांचं. जे ठरेल ते ठरेल."

मंदारने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, "चुकलो मी. घे मत. हरलो तर इथेच बसून रद्द करतो." फोन त्याने खरोखरच ताटाशेजारी ठेवला. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. दोनास एक, हिशोब उघड होता.

"रियाधला कोण राहणार?" मी हात वर केला.

सानिकाचे हात मांडीवरच होते.

"अगं, ऐकलंस ना?"

"मला पुण्याला जायचंय, मम्मा," ती म्हणाली. "इथे मी फक्त गाडीत चढते आणि गाडीतून उतरते. माझ्या सगळ्या फ्रेंड्स एकेक करून गेल्या. तिकडे मी सायकलने शाळेत जाईन."

निजामभाईंचं वाक्य ऐकून जेवढा धक्का बसला नव्हता, तेवढा या वाक्याने बसला. मंदारचाही आ वासला होता. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, आणि खुरूजला कोणी हात लावला नाही.

रियाधला परतून आठवडा झाला. ही सहल करा, जरूर करा. हिवाळ्यात जा, ताइफला एक रात्र जास्त ठेवा. माझा राजीनामा परवा दिला. मंदारवरचा राग अजून आहे आणि तो मी त्याला तोंडावर सांगते. काल सानिकाने आमच्यासमोर प्रेझेंटेशनची तालीम केली. राजा गेल्यावर काय झालं, तो भाग मी पहिल्यांदाच नीट ऐकला: संसदेच्या बाजूने लढून जिंकलेल्या सेनापतीने पुढे संसदच बरखास्त केली.

तालीम संपल्यावर मी तिला विचारलं, "हे सगळं आधी का नाही बोललीस?"

"तू कधी विचारलंस?" ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. जाऊन-येऊन दोन हजार किलोमीटर ती माझ्या पाठीमागच्या सीटवर बसली होती, आणि मी "आम्ही दोघी, आम्ही दोघी" घोकत होते.