डांबरगोळ्यांतली दोरी

शहाडच्या चाळीत राजरत्नची एकच ख्याती होती: हा माणूस मासा पकडतो आणि परत नदीत सोडतो. वागळे इस्टेटमध्ये फिटर असताना कारखान्यातल्या एका हौशी साहेबाने त्याला फ्लाय फिशिंग शिकवलं आणि जाताना आपली काठीही देऊन टाकली. तेव्हापासून कोंबड्याच्या पिसांच्या खोट्या माश्या गळाला बांधून राजरत्न काळू नदीवर जाऊन मासे पकडू आणि सोडू लागला. ‘‘कालवणाला नाही, मग जाता कशाला?’’ हा त्याच्या बायकोचा, रंभाचा, ठरलेला प्रश्न.

पावसाळ्यात तर ती अगदी करवादायची. नदीवरून आला की हा काठीचे सांधे सोडवून जुन्या बनियनने पुसणार, रीळ उघडं करून पंख्याखाली ठेवणार, आणि प्लॅस्टिकचा लेप असलेली ती जाड हिरवी दोरी कपडे वाळवायच्या दांडीवर पसरणार. घरातले कपडे ओले राहिले तरी चालतील, दोरी कोरडी पाहिजे! ओलं सामान बंद केलं की बुरशी धरते, हे तो तिला दर खेपेला ऐकवायचा.

यंदा भाद्रपदात नदीवरून येता येताच त्याला ताप भरला. डेंग्यू निघाला. ओलं सामान दाराशी टाकून त्याला दवाखान्यात हलवावं लागलं. घरी परतला तेव्हा अंगात त्राण नव्हतं, तरी पहिली चौकशी सामानाचीच.

‘‘पुसून, वाळवून ठेवलंय. तुम्ही करता तस्संच,’’ रंभा म्हणाली आणि तिने ट्रंक उघडली. धम्मचक्र दिनाला नेसायच्या तिच्या पांढऱ्या साडीच्या घडीत रीळ जपून ठेवलेलं होतं. भोवती मूठभर डांबरगोळ्या. ‘‘बुरशी नको म्हणून गोळ्या जरा जास्तच टाकल्यात.’’

राजरत्नने रिळावरच्या दोरीला बोट लावून पाहिलं. डांबरगोळ्यांनी असलं प्लॅस्टिक मऊ पडतं. दोरी गुळाच्या पाकासारखी बोटांना चिकटत होती. ती आता काठीच्या कड्यांतून सरकायची नाही.

तो बोलणार, इतक्यात रंभा म्हणाली, ‘‘बरे झालात की मलापण न्या एकदा. इतकं काय बघता त्या पाण्यात, ते बघू तरी.’’

इतक्या वर्षांत ती असं कधी म्हणाली नव्हती. दवाखान्याच्या खेपा घालून, जागरणं काढून या बाईने त्याची दोरी वाळवली होती. खरं सांगितलं तर ती या सामानाला पुन्हा हात लावणार नाही आणि नदीवरही येणार नाही. नवी दोरी आणावी, तर ती कशाला हे सांगावं लागणार. राजरत्नने ट्रंक बंद केली.

दसऱ्याआधीच्या रविवारी दोघं काळूच्या काठावर गेली. रंभा छत्री घेऊन दगडावर बसली. राजरत्नने काठी मागे नेऊन झोकात फेकली. दोरी कड्यांत अडकली आणि पायाशीच गोळा होऊन पडली. पुन्हा फेकली, पुन्हा तेच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकोकडे बघायची हिंमत होईना.

रंभा उठून आली. वाकून त्याच्या चपलेत गुंतलेली दोरी सोडवू लागली. ती हसत नव्हती.

‘‘अहो, म्हणून ‘मासा सोडून दिला’ म्हणायचात होय?’’ ती हळूच म्हणाली. ‘‘मला सांगायचं तरी. मी काय हसले असते?’’

काठाशी पाण्यात एक मासा चमकून गेला. राजरत्नने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘‘नाही लागत गं,’’ तो म्हणाला. ‘‘कधीच नाही लागला.’’