हाडसांधीचं पेर

मला झाडं लावता येतात, हा समज घरात फक्त माझा होता. म्हणून आत्याचं मनगट मोडलं तेव्हा हाडसांधी लावायचं काम मीच अंगावर घेतलं.

आत्या न्हाणीजवळ घसरली होती. गोऱ्या डॉक्टरपुढं हात करायला तिनं साफ नकार दिला. तेव्हा शेजारच्या मागवाल्यांची आजी हाडसांधीची वेल घेऊन आली. ती घरात तेलुगू बोलायची, आमच्यावर ओरडायची मात्र मराठीत. वेल वाटून तिनं लेप बांधला आणि उरलेलं एक चौकोनी पेर माझ्या हातावर ठेवलं. बोटाच्या पेराएवढंच, हिरवं, गार.

"हे जगलं की हाड बी जुळलं. पण एकदा लावलं की हात लावायचा न्हाय."

मी ते परसात भिंतीलगत खोचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो आणि शंका आली, वरचं टोक खाली तर गेलं नाही? भवानी पेठेतले सगळे माग थांबलेले, ऊन नुसतं पांढरं. मी पेर उपटून पाहिलं. आत ओसरीवर आत्या किंचाळली.

"काय झालं गं?"

"कुणीतरी मनगट पिळलं रे!"

तिच्याजवळ कुणीच नव्हतं. योगायोग, दुसरं काय! मी पेर उलटं करून पुन्हा खोचलं.

पण मी पडलो चौकस. काही दिवसांनी मुळं धरलीत का बघावं म्हणून हलक्या हातानं, जरासंच उचललं. खाली केसासारखी दोन पांढरी मुळं. त्यातलं एक तुटलं. या खेपेला आत्या ओरडली नाही. आतून हळूच म्हणाली, "आता सोड की रे."

ओसरीवरून परस दिसत नाही.

पेर कसंबसं दाबलं, ते तिरकं बसलं. त्यानंतर मी पाणीसुद्धा लांबूनच फेकायचो. निम्मं भिंतीला मिळायचं.

लेप बदलायला आलेली आजी परसात डोकावली. "हितं कुणी उकरलं?"

"मांजरानं."

तिनं माझ्या गुडघ्यांवरच्या मातीच्या डागांकडं पाहिलं. "मांजर धोतर नेसतंय व्हय?"

वेल जगली. हाडही जुळलं. पट्टी सोडली तेव्हा आत्याचं मनगट डावीकडं कललेलं होतं. वेलही डावीकडंच कलून वर निघाली होती. आत्यानं आधी वेलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

पुढं वेल माळवदावर चढली. छाटायला विळा घेतला की मी आधी हाक मारायचो, "आत्या, कापू का?"

ती हातातलं काम खाली ठेवायची, मनगट पदरात घट्ट गुंडाळायची, आणि डोळे मिटून म्हणायची, "काप."