जावेच्या गांधी
सुनेनं आज पाट्यावर खेकड्याच्या नांग्या वाटायला घेतल्या आणि त्या वासानं मला वेल्ह्याकडच्या आमच्या जुन्या घरातली एक दुपार आठवली. धाकट्या जावेनं खेकड्याचं कालवण खाल्लं की तिच्या अंगभर गांधी उठायच्या, आणि घर झाडताना शिंकून शिंकून तिचा जीव जायचा. दिरानं तिला एसटीनं पुण्याला नेऊन रक्त तपासून आणलं होतं. चुलीपाशी बसून तो सांगत होता, "डॉक्टर म्हनले, हिचं रक्त खेकड्याला वैरी समजतंय. धुळीत डोळ्याला न दिसणारे किडे असत्यात, त्यांच्यात खेकड्यासारखंच कायतरी हाय. म्हणून रक्त त्यांनाबी खेकडाच समजतंय." सासूबाईंनी लगेच तिचा हात मांडीवर घेऊन खोबरेल चोळलं आणि केरसुणी माझ्याकडं सरकवली. "हिला आता धूळ नगं. तुला काय व्हतंय, दगडावानी हाईस." माझा हात त्यांनी कधीच असा धरला नव्हता. मला त्या गांधींचा हेवा वाटला. मी जावेच्या वाटणीचेही खेकडे खाल्ले, माळा झाडून नाकातोंडात धूळ जाऊ दिली आणि दारातल्या उजेडात हात धरून बसले. कातडी तशीच राहिली. "काय बघतीस गं?" सासूबाईंनी विचारलं. "काय न्हाई." "मग ऊठ, गोठा झाडायचा राहिलाय." आज जेवल्यावरही माझी नजर हातावर गेली. सून म्हणाली, "आत्या, काय झालं? बघू," आणि तिनं माझा हात हातात घेतला. हाताला काहीच झालं नव्हतं. "जरा खाजतंय," मी म्हणाले.